शब्दभ्रम आणि नभोवाणी : एडगर बर्गन याच्या संवादांचें परीक्षण

शब्दभ्रमाचे प्रयोग नभोवाणीवरून व्हावेत ही कल्पनाच मुळीं विसंगत आहे, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. बोलणाराचे ओठ हलूं नयेत आणि मांडीवरील बाहुलेंच बोलत आहे असा भास व्हावा, हें ज्या कलेचें सर्वस्व, ती कला जेथें ओठहि दिसत नाहींत व बाहुलेंहि दिसत नाहीं अशा ठिकाणीं नेणें म्हणजे अंधाऱ्या खोलींत चित्रांचें प्रदर्शन मांडण्यासारखें होय, असें आक्षेपकांचें म्हणणें. तथापि एडगर बर्गन हा शब्दभ्रमकार आणि चार्ली मॅकार्थी हें त्याचें लांकडी बाहुलें यांनीं अमेरिकेच्या नभोवाणीवर १९३७ पासून १९५६ पर्यंत जो अधिकार गाजविला तो पाहतां, आक्षेप तरी चुकीचा असला पाहिजे, किंवा कोट्यवधि श्रोते तरी भ्रमिष्ट असले पाहिजेत. यांपैकीं पहिला पक्ष सिद्ध करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखांत केला आहे.

पोथ्या व कागदपत्रें यांच्या शोधास वाहिलेल्या त्रैमासिकांत या विषयास जागा कां द्यावी, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, या विषयाच्या पोटांत पाठचिकित्सेचा एक मूलभूत प्रश्न दडला आहे. जी कृति उच्चारासाठींच जन्मास आली तिची अस्सल प्रत कोणती? लिहिलेली संहिता, कीं बोललेला पाठ? ज्यांच्या संग्रहीं लावण्या-पोवाड्यांचीं बाडें आहेत, त्यांस हा प्रश्न परका नाहीं. बर्गनच्या उदाहरणांत तो जितका उघड होऊन पुढें येतो तितका क्वचितच इतरत्र येत असेल.

(१) वृत्तांत

बर्गनचा जन्म शिकागो शहरीं १६ फेब्रुवारी १९०३ रोजीं, स्वीडनमधून आलेल्या कुटुंबांत झाला. शाळकरी वयांत एका स्वस्त पुस्तिकेवरून त्यानें या विद्येचे पहिले धडे घेतले. पुढें हॅरी लेस्टर या नामांकित शब्दभ्रमकाराचें मार्गदर्शन त्यास लाभलें. रस्त्यावर वृत्तपत्रें विकणाऱ्या एका आयरिश मुलाच्या चेहऱ्यावरून थिओडोर मॅक नांवाच्या कारागिरानें त्यास बाहुल्याचें डोकें कोरून दिलें. तोच चार्ली. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतील अभ्यासक्रम अर्धवट टाकून बर्गन विविधरंजनाच्या फिरत्या खेळांत शिरला. बोलपट आल्यावर त्या खेळांस उतरती कळा लागली, तेव्हां त्यानें रात्रीच्या उपाहारगृहांचा आश्रय केला. चार्लीच्या डोक्यावर उंच टोपी व डोळ्यास एकभिंगी चष्मा चढला, आणि रस्त्यावरचा पोरगा दिसण्यांत बडा सरदार झाला.

१७ डिसेंबर १९३६ रोजीं रूडी व्हॅली या गायकाच्या कार्यक्रमांत ही जोडी प्रथम देशव्यापी नभोवाणीवर आली. लगेच पुढच्या वर्षीं, ९ मे १९३७ पासून, चेस अँड सॅनबॉर्न या कॉफीच्या आश्रयाखालीं एनबीसीवरून दर रविवारीं संध्याकाळीं होणाऱ्या कार्यक्रमाचे हे दोघे मुख्य आधार झाले. थोड्याच काळांत तो देशांतील सर्वाधिक ऐकला जाणारा कार्यक्रम ठरला. १९३८ च्या मार्च महिन्यांत बोलपट-अकादमीनें बर्गनला विशेष पारितोषिक दिलें. तें लांकडाचें असून त्या मूर्तीचा जबडा हलता होता. पुढें मॉर्टिमर स्नर्ड हा मंदबुद्धि खेडवळ व एफी क्लिंकर ही प्रौढ कुमारिका अशीं आणखी दोन बाहुलीं त्यानें पुढें आणलीं. १९४९ सालीं कार्यक्रम सीबीएसकडे गेला व १९५६ च्या जुलैच्या आरंभीं बंद झाला. बर्गन ३० सप्टेंबर १९७८ रोजीं लास व्हेगास येथें मरण पावला. चार्ली स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत दाखल झाला.

(२) लक्षणाचा विचार

शब्दभ्रम हें नांव यशवंत केशव पाध्ये व त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावामुळें आपल्याकडे घरोघर पोंचलेलें आहे. युरोपीय भाषांतील नांवाचा लॅटिन व्युत्पत्तीप्रमाणें अर्थ ‘पोटानें बोलणें’ असा होतो. तो शरीरशास्त्रदृष्ट्या खरा नव्हे. नाद नेहमींप्रमाणें कंठांतच उत्पन्न होतो. फक्त ओठांस काम न देतां जीभ, टाळू व घसा यांजकडून तें करवून घ्यावयाचें असतें. अर्थात् अडचण येते ती पवर्गाची. प, ब, म हीं व्यंजनें ओठ मिटल्यावांचून निघत नाहींत, म्हणून शब्दभ्रमकार त्यांच्या जागीं जिभेनें साधणारीं जवळचीं व्यंजनें घालतो आणि कानास फसवितो. शिक्षाग्रंथांतील स्थान-प्रयत्नांचा विचार ज्यांनीं केला आहे त्यांस यांतील कौशल्य सहज कळेल.

यावरून ‘ओठ न हलवितां बोलणें तो शब्दभ्रम’ असें लक्षण सामान्यतः केलें जातें. परंतु तें दोषयुक्त आहे. दांतांत विडी धरून पुटपुटणाराचेहि ओठ फारसे हलत नाहींत, पण त्यास कोणी शब्दभ्रमकार म्हणत नाहीं. ही अतिव्याप्ति झाली. उलटपक्षीं स्वतः बर्गनचेच ओठ हलत असत. त्याच्या बोलपटांत तें स्पष्ट दिसतें; इतकेंच नव्हे, तर खुद्द चार्ली आपल्या धन्यास त्यावरून भर कार्यक्रमांत टोमणे मारीत असे. म्हणजे ज्यास या कलेंतील आपल्या काळचा अग्रणी मानलें गेलें तोच लक्षणाबाहेर राहतो. ही अव्याप्ति झाली, आणि प्रमुख उदाहरणासच वगळणारें लक्षण टाकून देणें प्राप्त आहे.

त्याऐवजीं असें म्हणतां येईल कीं, एकाच वक्त्यानें आपल्याहून भिन्न अशी दुसरी व्यक्ति निर्माण करून, तिच्याशीं अखंड संवाद करीत असतां, त्या व्यक्तीच्या स्वतंत्र अस्तित्वाचा प्रत्यय श्रोत्यास आणून देणें तो शब्दभ्रम होय. नकलाकार एका वेळीं एक होऊन दुसऱ्या कोणा खऱ्या माणसाचें अनुकरण करितो. येथें दोघे एकदम हजर असतात, आणि दुसरा कोणाचेंहि अनुकरण नसतो. हें लक्षण स्वीकारलें कीं नभोवाणीवरील आक्षेप आपोआप गळतो. ओठांचें स्थैर्य हें रंगभूमीवरील साधन होतें, साध्य नव्हतें. नभोवाणीनें तें साधन अनावश्यक केलें, त्यासरशी पवर्गाचा जाचहि सुटला, आणि चार्ली हवें तें अक्षर हव्या त्या वेगानें व नि:संदिग्ध उच्चारूं लागला. लोक ज्यास हानि समजतात तो वास्तविक लाभ झाला.

संस्कृत रूपकांच्या अभ्यासकांस येथें भाणाची आठवण व्हावी. भाणांत एकटा विट रंगभूमीवर येतो. न दिसणाऱ्या माणसांस ‘काय म्हणतोस?’ असें विचारतो व त्यांचीं उत्तरें स्वतःच पुनः उच्चारून संवाद पुरा करितो. आकाशभाषित तें हेंच. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘चतुर्भाणी’ंतील चारहि भाण याच युक्तीवर चालतात. मात्र तेथें वक्ता दिसतो व दुसऱ्याचा आवाज ऐकूं येत नाहीं. बर्गनच्या कार्यक्रमांत आवाज दोघांचेहि ऐकूं येतात, पण दिसत कोणीच नाहीं. प्रकार उलट, परंतु जी शक्ति दोहोंकडे राबते ती एकच : वाचिक अभिनय.

(३) संवादांचें गुणदोषविवेचन

आतां प्रत्यक्ष संवादांकडे वळूं. उपलब्ध ध्वनिमुद्रणें ऐकतां पहिली लक्षांत येणारी गोष्ट ही कीं, बर्गननें स्वतःसाठीं जाणूनबुजून फिका आवाज राखला आहे. तो सावकाश बोलतो, समजूत घालतो, कांहींसा पंतोजीसारखा अडखळतो. चार्ली मात्र चढ्या पट्टींत, तुटक व तत्पर बोलतो. धन्याचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच त्याचा घाव पडतो. स्नर्डचा आवाज जड व रेंगाळणारा, आणि त्याच्या विचारास जिभेपर्यंत पोंचावयास लागणारा वेळ हाच त्याच्या विनोदाचा गाभा. एका कंठांतून निघालेले हे आवाज केवळ स्वरानें वेगळे नाहींत. प्रत्येकाची श्वास घेण्याची जागा वेगळी आहे. वेगळी व्यक्ति उभी राहते ती या लयभेदानें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चार्लीच्या लांकूडपणावर अतोनात विनोद केलेले आढळतात. १९३७ सालीं डब्ल्यू. सी. फील्ड्स हा प्रख्यात विनोदी नट कार्यक्रमांत असतांना त्याचें व चार्लीचें जें भांडण गाजलें, त्यांत फील्ड्स करवतीची, वाळवीची, सुतारपक्ष्याची भीति घालतो आणि चार्ली त्याच्या लाल नाकावर व मद्यपानावर घसरतो. वरवर पाहणाऱ्यास हें चर्वितचर्वण वाटेल. परंतु ज्या श्रोत्यास बाहुलें दिसतच नाहीं, त्यास तें लांकडाचें आहे याची आठवण शब्दांनींच दिली पाहिजे. न दिली तर चार्ली हा एक सामान्य उद्धट पोरगा होऊन बसेल व सारी गंमत नाहींशी होईल. संस्कृत नाटककार पडदे व देखावे नसतांना वन, रथ, संध्याकाळ हीं पात्रांच्या मुखानें वर्णन करून उभीं करितात, त्याचप्रमाणें येथें लांकूड विनोदानें उभें केलें आहे. ज्यास पुनरुक्ति म्हणून नांवें ठेवावीं तें वस्तुतः नेपथ्य आहे.

तिसरी गोष्ट, अधिकाराची. बर्गन हा चार्लीचा पालक. तो त्यास शाळा, सभ्यता, खाऊचे पैसे यांविषयीं उपदेश करितो आणि चार्ली त्या उपदेशाच्या चिंध्या करितो. विदूषकास राजाच्या तोंडावर बोलण्याची जी मुभा आपल्या नाट्यपरंपरेनें दिली तीच येथें बाहुल्यास मिळाली आहे. भेद इतकाच कीं, येथें राजा व विदूषक एकच आहेत, आणि श्रोत्यास तें पूर्ण ठाऊक आहे. ठाऊक असूनहि तो बाहुल्याचा पक्ष घेतो, यांतच या कलेचा विजय आहे. बर्गनची कन्या कॅन्डिस हिनें १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत एक हकीकत आहे : लहानपणीं बाप तिला एका गुडघ्यावर व चार्लीस दुसऱ्या गुडघ्यावर बसवी, मानेमागें हलकेंच दाबलें कीं तिनें तोंड उघडावें, आणि बाप तिच्या वतीनें बोलावा. जिवंत मूल व लांकडी मूल एका पायरीवर बसविणारी ही हकीकत विनोदी वाटते, पण ती वाचून मन थोडें चरकतेंहि.

दोषहि नमूद केले पाहिजेत. कित्येक संवादांत पाहुण्याचें नांव बदलतें, सांचा बदलत नाहीं. स्त्री-पाहुणी आली कीं चार्लीची प्रणययाचना ठरलेली. एफी क्लिंकर हें बाहुलें आवाजाच्या दृष्टीनें चांगलें असलें तरी तिच्या अविवाहितपणापलीकडे लेखकांस फारसें सुचलेलें दिसत नाहीं.

(४) १२ डिसेंबर १९३७ : संहिता निर्दोष, पाठ सदोष

मूळ प्रश्नाच्या निर्णयास अत्यंत उपयुक्त असा एक पुरावा या कार्यक्रमाच्या इतिहासांतच सांपडतो. १२ डिसेंबर १९३७ च्या रविवारीं मे वेस्ट ही नटी पाहुणी होती. आर्च ओबोलर यानें लिहिलेल्या आदम-ईव्हच्या प्रहसनांत तिनें ईव्हची व डॉन अमीची यानें आदमाची भूमिका केली; शिवाय चार्लीशीं तिचा एक शृंगारिक संवादहि झाला. त्यानंतर धार्मिक संघटनांकडून व श्रोत्यांकडून निषेधाचीं पत्रें आलीं, दळणवळण-आयोगाचे अध्यक्ष फ्रँक मॅकनिंच यांनीं कंपनीस कडक शब्दांत समज दिली, आणि पुढें कित्येक वर्षें मे वेस्टला नभोवाणी जवळजवळ बंद झाली.

संशोधकानें लक्षांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, सदर प्रहसनाची संहिता ध्वनिक्षेपणापूर्वीं तपासून संमत झालेली होती. कागदावर तिच्यांत फारसें वावगें कोणास दिसलें नव्हतें. जें बिघडलें तें उच्चारांत : कोठें स्वर लांबविला, कोठें थांबली, कोणत्या शब्दावर हुंकार दिला, यांत. अक्षरें तींच, पण अर्थ दुसरा. अलंकारशास्त्रांत काकु म्हणून जो स्वरविकार सांगितला आहे, व ज्यावर व्यंजना कित्येकदां सर्वस्वीं अवलंबून असते, त्याचें याहून ठळक उदाहरण मिळणें कठीण. लेखी प्रतीवरून निर्णय करणारा परीक्षक आणि कानानें ऐकणारा श्रोता या दोघांपुढें त्या दिवशीं दोन भिन्न ग्रंथ होते, असेंच म्हटलें पाहिजे. मी संस्कृत शिकवीत असतां अनेक वर्षें पाहिलें कीं, विदूषकाचें भाषण मुलांकडून नुसतें वाचवून घेतलें तर वर्गांत कोणी हंसत नसे. तेंच थांबून, योग्य जागीं स्वर देऊन म्हटलें कीं शेवटच्या बांकापर्यंत हंशा पोंचे. पुस्तकांत त्या थांबण्याची खूण कोठेंच नसते.

(५) ३० ऑक्टोबर १९३८ ची आख्यायिका

बर्गनच्या नांवाशीं दुसरी एक गोष्ट नेहमीं जोडली जाते, तिची छाननी येथें करणें अवश्य आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजीं बर्गनचा कार्यक्रम एनबीसीवर चालूं असतां, त्याच तासास सीबीएसवरून ऑर्सन वेल्स यानें मंगळवासीयांच्या स्वारीची कथा बातम्यांच्या थाटांत सादर केली. चार्लीचा पहिला संवाद संपून गायन सुरू होतांच लाखो श्रोत्यांनीं कळ फिरविली, वेल्सची प्रस्तावना न ऐकल्यामुळें त्यांनीं नाटक खरें मानलें व देशभर हाहाकार उडाला, असें सांगण्यांत येतें.

ही कथा जितकी सुबक तितकी संशयास्पद आहे. त्याच रात्रीं हूपर या श्रोतृमापन-संस्थेनें सुमारें ५,००० घरीं दूरध्वनीवरून चौकशी केली होती; तींत वेल्सचा कार्यक्रम ऐकत असल्याचें सांगणारे अवघे दोन टक्के निघाले. हॅडली कॅन्ट्रिल यांच्या १९४० च्या ज्या ग्रंथावर भीतीची कथा मुख्यतः उभी आहे, त्यांतील सविस्तर मुलाखती १३५ व्यक्तींच्या असून त्यांतील बहुतेक, त्या घाबरल्या होत्या म्हणूनच निवडलेल्या होत्या. जेफरसन पूली व मायकेल सोकोलो या अभ्यासकांनीं २०१३ सालीं असें प्रतिपादिलें कीं, जाहिरातींच्या उत्पन्नांत वाटेकरी झालेल्या नभोवाणीस बेजबाबदार ठरविण्याच्या हेतूनें वृत्तपत्रांनींच तो हाहाकार फुगविला. पुरावा पाहतां कांहीं माणसें खरोखर घाबरलीं एवढें सिद्ध आहे. चार्लीस सोडून लाखोंनीं मंगळाकडे धांव घेतली, हें सिद्ध नाहीं. बखरकाराच्या आंकड्यांस आपण जी कसोटी लावतों ती येथेंहि लावली पाहिजे.

परंतु त्या तासाचें एक महत्त्व उरतेंच. एकाच वेळीं आकाशांत दोन भ्रम चालले होते. वेल्सच्या भ्रमाची कबुली त्याच्या प्रस्तावनेंत होती. ती जो चुकला तो फसला. बर्गनच्या भ्रमाची कबुली मात्र प्रत्येक वाक्यांत होती. बाहुलें स्वतःच सांगत होतें कीं मी लांकूड आहें व हा मनुष्य माझ्यासाठीं बोलतो. तरीहि श्रोता त्यास सजीव मानीत होता. फसवून उत्पन्न केलेल्या प्रत्ययापेक्षां न फसवितां उत्पन्न केलेला प्रत्यय हा उच्च प्रतीचा, हें रसिकांस निराळें सांगावयास नको.

(६) साधनें व त्यांची निगा

आतां मूळ प्रश्न. या कृतीचीं साधनें तीन : संग्रहालयांतील बाहुलें, टंकलिखित संहिता, आणि ध्वनिमुद्रिका. बाहुलें सुरक्षित आहे. परंतु तें मुकें आहे, आणि नभोवाणीच्या श्रोत्यास तें कधीं दिसलेंच नव्हतें. संहितेचें प्रामाण्य किती, हें चौथ्या विभागांत दाखविलें. तेव्हां खरा पाठ ध्वनिमुद्रिकांतच आहे, आणि नेमकें तेंच साधन सर्वांत नाशवंत आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा लेप देऊन केलेल्या त्या तबकड्या. युद्धकाळांत धातु दुर्मिळ झाल्यावर तोच लेप कांचेवर दिला जाऊं लागला. कांच पडली कीं फुटते, लेप आकसून तडकतो व पापुद्रे सुटतात. प्रारंभींच्या वर्षांचे कित्येक कार्यक्रम आज ऐकावयास मिळत नाहींत.

जे मिळतात त्यांतहि पाठभेद आहेत. अमेरिकन सैन्याच्या नभोवाणीसाठीं ज्या प्रती तयार झाल्या त्यांतून जाहिराती काढून टाकलेल्या असत. मूळ ध्वनिक्षेपणाच्या प्रतींत त्या आहेत. अशा रीतीनें या वाङ्मयाच्या दोन शाखा झाल्या, आणि जाहिरातीवरील चार्लीची कोटी एका शाखेंत असून दुसरींत नसण्याचा संभव लक्षांत ठेविला पाहिजे. पुढें हौशी संग्राहकांनीं फितींवर नकलांच्या नकला केल्या. त्यांत गति किंचित् चुकली कीं स्वराची पट्टी बदलते, आणि जेथें स्वरभेद हाच व्यक्तिभेद, तेथें ही चूक लेखकप्रमादाहून मोठी ठरते. पोथीचा नकलकार एखादें अक्षर गाळतो. हा नकलकार सबंध पात्र बदलून टाकूं शकतो.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, ध्वनिमुद्रित साधन हातीं येतांच त्याची मूळ तबकडी, नकलेचा क्रम, गति व गाळलेले भाग यांची नोंद पोथीच्या पुष्पिकेप्रमाणें करून ठेवावी, व एक शाखा मिळाली म्हणून दुसरी टाकून देऊं नये. लिखित अक्षर हेंच प्रमाण मानण्याची आपली संवय जुनी व बहुधा हितकर आहे. परंतु जी कृति कंठांत जन्मली तिच्यापुरतें प्रमाण कंठच होय. चार्लीचें लांकूड शतकानुशतकें टिकेल. त्यास ज्यानें माणूस केलें तो आवाज पापुद्र्यापापुद्र्यानें गळत आहे. इत्यलम्.